पुसट वेगळं, दुहेरी वेगळं

जून महिन्याची चौदा तारीख, रविवार. रक्कम सहा हजार आठशे पन्नास रुपये, रोख. हजर: मी, माझी पत्नी, आमची लेक आणि लातूरचा एक कॉम्प्युटर दुकानदार. त्या रकमेत मी एक ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि घरातलं चांगलं चाललेलं चित्र पैसे देऊन बिघडवून घेतलं. हे आधीच लिहितो, कारण ज्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे त्यांच्याकडे आम्ही गेलो ते या कार्डामुळे, आणि उशिरा गेलो तेही या कार्डामुळेच.

लेक तेव्हा बारावीला होती. सहा दिवस कॉलेज आणि क्लास, रविवारी सकाळी टेस्ट. टेस्ट झाली की तिला अर्धा तास गेम खेळायची परवानगी होती. अट मी घातली होती आणि घड्याळही मीच बघत होतो. गेम जुनी. नांदेडला तिच्या मामाकडे टीव्हीला जोडायचा एक कन्सोल होता. तो बंद पडला तेव्हा मामानं आमच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर बसवून दिला. म्हणजे असं सॉफ्टवेअर, की कॉम्प्युटर त्या जुन्या कन्सोलचं सोंग घेतो आणि त्याच्या गेम चालवतो. गेममध्ये मारामारी नव्हती म्हणून माझी हरकत नव्हती. बर्फाच्या डोंगरातून मालगाडी न्यायची, सिग्नल बघून थांबायचं किंवा जायचं, एवढंच.

आमच्या मोठ्या स्क्रीनवर ते चित्र जाडंभरडं दिसायचं. दुकानदार म्हणाला, नवं कार्ड घ्या, सहा पट चांगलं दिसेल. त्यानं कार्ड बसवलं आणि एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये चित्राच्या आकारापुढं जो १ होता त्याचा ६ केला. मी लेखा शाखेतला माणूस. एकापेक्षा सहा जास्त, यात मला शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही.

घरी येऊन बघितलं तर चित्र धारदार झालं होतं, पण प्रत्येक सिग्नलच्या दिव्याशेजारी दुसरा एक फिका दिवा होता. इंजिनाचा दिवाही दोन. खांबांच्या सावल्यासुद्धा दोन.

"बाबा, दोन दिसतात," लेक म्हणाली.

"मलाही दोन दिसतात. सेटिंगचं काहीतरी आहे. बघू."

त्या "बघू"मध्ये सहा रविवार गेले. कचेरीत ऑडिट होतं. लेक दर रविवारी अर्धा तास तशीच खेळायची, खऱ्या सिग्नलला थांबायचं का फिक्या, याचा अंदाज घेत. मध्येच एकदा जेवताना म्हणाली, "फळ्यावरचंपण दोन दिसतंय." मी म्हणालो, "फळ्याचंपण सेटिंग बिघडलं का?" तीही हसली, तिची आईही हसली. विनोद माझा होता, म्हणून त्याची जबाबदारीही माझी.

पुढं तिचं डोकं दुखायला लागलं. आम्ही चष्म्याच्या दुकानात नेलं. चष्मेवाल्यानं एक डोळा झाकून वाचायला लावलं, मग दुसरा झाकून. दोन्ही वेळा तिनं शेवटची ओळ वाचली. "नंबर नाही," तो म्हणाला. मी निश्चिंत झालो. टेस्टचे मार्क मी वहीत लिहून ठेवायचो: सातशे वीसपैकी पाचशे बारा, मग चारशे अठ्ठ्याण्णव, मग चारशे एक्केचाळीस. मला वाटलं, गेमच्या बिघडलेल्या चित्रामुळं डोळे थकतात आणि अभ्यासातलं लक्ष उडतं. चित्र दुरुस्त केलं की मार्क वर येतील, असा माझा हिशेब होता.

तेव्हा कुणीतरी मला त्या माणसाचं नाव सांगितलं. नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. क्लासच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानामागं पत्र्याची एक खोली होती, तिथं ते बसायचे. मुलं त्यांना काका म्हणायची, पालक "तो गेमवाला" म्हणायचे. बाहेर हातानं रंगवलेली पाटी होती: "गेमचे चित्र दुरुस्त करून मिळेल. पुसट वेगळे, दुहेरी वेगळे. आधी ठरवून यावे."

पाटीतलं शेवटचं वाक्य ते गंभीरपणे घ्यायचे. मी आधी एकटाच चौकशीला गेलो तेव्हा एक पालक लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "खराब दिसतंय हो."

"खराब हे काय दुखणं न्हाई," ते म्हणाले. "पोटात दुखतंय का पाठीत, हे सांगताव का न्हाई डॉक्टरला? पुसट का दुहेरी?"

"तेच ते."

"मग घरी जाऊन बगून या. मी हितंच हाय."

आणि तो माणूस खरंच परत गेला.

त्यांचं म्हणणं असं होतं की हे दोन वेगळे रोग आहेत आणि औषधं उलटी आहेत. पुसट चित्र म्हणजे लहान चित्र मोठ्या काचेवर ताणलंय आणि ताण दिसू नये म्हणून कुणीतरी वरून हात फिरवून कडा मऊ केल्यात. तो हात काढला की कडा परत येतात, थोड्या खडबडीत का होईना. दुहेरी म्हणजे चित्र मुळापासून मोठं काढलंय, पण दिव्याचा उजेड आणि सावल्या मात्र जुन्याच मापानं टाकल्यात. मग उजेड दिव्यावर न पडता अर्धा ठिपका शेजारी पडतो. मला हे कळेना. शेवटी मीच विचारलं, "म्हणजे पावतीपुस्तकात कार्बन अर्धी ओळ सरकला की खालची प्रत दिसते तसं?"

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "कचेरीत हाव का साहेब?"

"हो."

"बरं सांगितलं. आता पुढच्या गिऱ्हाइकाला मी हेच सांगणार."

त्यांच्या चष्म्याची डावी काच काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली होती. कुणी विचारलं की म्हणायचे, "चष्मेवाल्यानं दोन काचांचे पैसे घेतले. एक तरी माझ्या मनासारखी करून घेतली." डाव्या डोळ्यानं त्यांना दिसत नव्हतं. भूकंपात गेला, एवढंच गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपाला तेव्हा बावीस वर्षं होत आली होती आणि लातुरात ज्याला त्याला अशी एखादी गोष्ट असतेच, म्हणून पुढं कुणी विचारायचं नाही.

एक डोळा नसणं हे ते आपल्या धंद्याचं भांडवल मानायचे. "दोन डोळेवाल्याला दोन दिसले तर डोळ्याचा दोष का मशीनचा, सांगता येत न्हाई," ते म्हणायचे. "मला दोन दिसले की मशीनच चोर."

स्वतः ते गेम कधीच खेळले नाहीत. एखादा मुलगा विचारायचा, "काका, ही गेम कशी आहे?" ते म्हणायचे, "मला काय म्हाईत? मला निस्त्या कडा दिसतात." हातात स्टीलची फूटपट्टी. ती थेट काचेला लावून दिव्यापासून त्याच्या भुतापर्यंतचं अंतर मोजायचे. दुसऱ्या प्रतिमेला ते भूतच म्हणत. समोर दोनशे पानी वही. सेटिंग एका वेळी एकच बदलायचे, वहीत लिहायचे, गिऱ्हाइकाला बघायला लावायचे, मगच पुढचं. दोन गोष्टी एकदम बदला म्हटलं की चिडायचे. आणि कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी प्रत्येकाला एक डोळा झाकून बघायला सांगायचे, मग दुसरा झाकून. मुलं याची नक्कल करायची. एक डोळा दाबून एकमेकांना विचारायची, "काय रे, पुसट का दुहेरी?"

भिंतीवर गेमचं एकही चित्र नव्हतं. होती ती गल्लीतल्या सगळ्या क्लासची वेळापत्रकं. आत बसलेल्या मुलाकडं ते अधूनमधून मान वळवून बघायचे. "तुझं फिजिक्स सुरू होऊन सात मिनिटं झाली की रे. ऊठ." तरीही पालकांची तक्रार असायची की हा माणूस पोरं बिघडवतो. अशी तक्रार मी स्वतःही एकदोन ठिकाणी केली होती, तेही न बघता.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, टेस्ट संपल्यावर, मी आणि लेक स्कूटरवर कॉम्प्युटर घेऊन त्यांच्याकडे गेलो. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

"पुसट का दुहेरी?"

"दुहेरी," लेक म्हणाली.

"शाब्बास माय. एक डोळा झाक आणि त्या वरच्या बल्बकडं बग."

तिनं उजवा झाकला. "एक."

"आता दुसरा झाक."

"एक."

"आता दोन्ही उघड."

"दोन."

ते एकदम थांबले. मग गेम सुरू करून स्वतः बघितलं आणि म्हणाले, "मलाबी दोन दिसून राहिले. मशीनचा दोष हायच." पण हे वाक्य त्यांनी नेहमीसारखं ठसक्यात म्हटलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि कामाला लागले.

सहाचा आकडा एकवर आणला. दिवा एक झाला, चित्र पुसट झालं. कडा मऊ करणारं सेटिंग बंद केलं. चित्र खडबडीत झालं पण स्वच्छ. मग दोनवर नेलं, भूत आलं. अर्ध्या ठिपक्याची दुरुस्ती म्हणून एक सेटिंग होतं, ते चालू केलं, भूत गेलं. तीनवर नेलं, तरी नाही. सहावर नेल्याबरोबर दिव्याच्या खालच्या अंगाला एक बारीक रेघ परत आली. पुन्हा तीनवर आणून ठेवलं. प्रत्येक वेळी फूटपट्टी, प्रत्येक वेळी वही.

"पैसे सहाचे दिलेत साहेब, चित्र तीनचंच हाय. किती दिवे दिसतात?"

"एक," मी म्हणालो. मला खरंच आनंद झाला होता.

"मलाबी एक. माय, तू सांग."

लेकीनं डोळे चोळले. मग म्हणाली, "काका, मला दोनच दिसतात."

"नीट बग."

"दोन आहेत."

मी म्हणालो, "अगं, आता दुरुस्त झालंय ना? एकच आहे तो."

"साहेब, तुम्ही गप बसा." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण मी गप बसलो. त्यांनी फूटपट्टी तिच्या हातात दिली. "दुसरा कुठं दिसतो? बोट ठेव."

तिनं ठेवलं. दिव्याच्या अगदी सरळ उजवीकडं.

"मशीनचं भूत तिरकं पडतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "खाली आणि उजवीकडं. हे आडवं हाय." मग तिला म्हणाले, "दोन पावलं मागं जा. आता किती लांब?"

तिनं हवेत दोन बोटं धरून अंतर दाखवलं.

"दारात जा."

तीन बोटं.

"रस्त्यावर उभी राहा."

ती रस्त्यावर गेली आणि तिथून तिनं चार बोटं दाखवली. मी तिच्या बोटांकडं बघत उभा होतो. बोटं का वाढतात, ते मला अजून कळलं नव्हतं.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. वहीत लिहिलेलं मी वाचलं: "यंत्र निर्दोष."

"मशीनचं भूत मशीनला चिकटून असतं. तुम्ही मागं गेलाव तर ते वाढत न्हाई. हे वाढून राहिलंय. आणि एक डोळा झाकला की जातंय. हे मशीनचं न्हाई साहेब. आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरकडं जा."

"उद्या तिची केमिस्ट्रीची फेरपरीक्षा आहे. परवा नेतो."

मी हे वाक्य म्हणालो. ते बदलून लिहिण्याचा मला मोह होतो, पण मी तेच म्हणालो होतो.

ते उठले. बाकावर बसलेल्या तीन मुलांना म्हणाले, "चला, बंद." दिवा घालवला, पत्र्याचं दार ओढलं, कुलूप लावलं. भर दिवसा त्यांचं दुकान बंद झालेलं गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघायला लागला. आणि तिथं, रस्त्यावर उभं राहून, त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. लेकही ऐकत होती.

भूकंपात त्यांच्या डोक्यावर घराच्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या छपराचा, दगड पडला होता. टाके घातले, बरं वाटलं. पत्र्याच्या छावणीत आले. ते आधी टीव्ही दुरुस्त करायचे, म्हणून छावणीत कुणीतरी देणगी दिलेला टीव्ही त्यांच्या ताब्यात आला. त्या टीव्हीत चित्र दोन दिसायचं. सगळ्यांनाच दिसायचं, अँटेना नीट नव्हता. "मलाबी दोन दिसायचे. म्हणलं, अँटेनाच हाय. मग ताटातली भाकर दोन दिसाय लागली, तरी म्हणलं, टीव्ही बगून बगून झालं असंल. नऊ दिवस मी पत्र्यावर चढून अँटेना फिरवत बसलो साहेब. नऊ दिवस. दहाव्या दिवशी टीव्ही साफ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला डाव्या डोळ्यानं टीव्हीच दिसंना."

लेकीनं माझा हात धरला. ती लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची, तसा.

"नऊ दिवसांत गेला," ते म्हणाले. "तुमचे किती झाले?"

"सहा आठवडे," मी म्हणालो.

रविवार असल्यानं लातुरातला आमच्या माहितीतला दवाखाना बंद होता. नांदेडच्या मामाला फोन केला. त्यानं तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून संध्याकाळची वेळ घेतली. एकच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. लेक खिडकीशी बसली होती, एका डोळ्यावर रुमाल बांधून, कारण तसं केलं की डोकं कमी दुखतं असं तिला आता कळलं होतं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिनं रुमाल वर केला, समोरच्या पाट्यांकडं बघितलं आणि परत खाली ओढला. तिची आई म्हणाली, "किती?" ती म्हणाली, "आई, दर वेळी विचारू नको ना."

नंतर थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "मला वाटलं मलाच नीट बघता येत नाही. म्हणून सांगायचं सोडलं."

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, बाहुल्या मोठ्या करून, आत उजेड टाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. दोन्ही डोळ्यांच्या मागं नस सुजली आहे, म्हणाले. डोक्यात दाब वाढला असावा, उद्या स्कॅन करा. गाठ, हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मी विचारला. "स्कॅनमध्ये दिसेल," ते म्हणाले. "टक्केवारी सांगता येईल का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. आकडा न मिळालेली ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही.

स्कॅन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. रिपोर्ट यायला तीन तास. त्या तीन तासांत पत्नी माझ्याशी एकच वाक्य बोलली: "फळ्याचं तिनं सांगितलं होतं."

गाठ नव्हती. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला होता आणि त्यानं डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दबली होती. पाठीतून सुई घालून पाणी काढलं, गोळ्या सुरू केल्या. मी डॉक्टरांना विचारलं की अजून उशीर झाला असता तर काय. ते म्हणाले, "नजर जाऊ शकली असती. किती दिवसांत, ते मला विचारू नका." त्यांना माझा स्वभाव कळला होता.

आम्ही नांदेडला अठरा दिवस राहिलो. रोज सकाळी नऊला मामाच्या घरी काकांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"दहा पावलांवर अंतर किती?"

"चार बोटं."

"बरं." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी परत. चार. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी मी साडेतीन म्हणालो.

"तुम्ही मोजलं का पोरीनं सांगितलं?"

"तिनं सांगितलं."

"मग ठीक. तिनं सांगितलं असंल तर खरं." फोन बंद. माझ्या वहीत ते आकडे अजून आहेत: साडेतीन, तीन, तीन, अडीच, मध्येच एकदा परत तीन. त्या तीनच्या दिवशी त्यांनी दोनदा फोन केला होता.

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि लेक त्यांच्याकडे गेलो. आमचा कॉम्प्युटर अजून तिथंच होता, वर कापड टाकलेलं. त्यांनी गेम लावली. बर्फ, डोंगर, लाल दिवा.

"किती?"

"एक."

"दारात जा. किती?"

"एक."

"रस्त्यावर."

"एक!"

"पलीकडं जा, पलीकडं!" ती गल्ली ओलांडून समोरच्या क्लासच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. दोन क्लास एकदम सुटले होते, गल्ली पोरांनी भरली होती. त्या गर्दीच्या डोक्यावरून ते ओरडले, "किती गं माय?"

"एऽक!"

सगळी गल्ली वळून बघायला लागली. न्यायला आलेले पालक एकमेकांकडं बघत होते. एक जण म्हणाला, "हा गेमवाला लई डोकं फिरलेला हाय." दोन महिन्यांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो.

मी खिशातलं पाकीट पुढं केलं. त्यात पाच हजार होते. त्यांनी ते उघडलंही नाही. "चित्र दुरुस्तीचे दीडशे होतात. तेबी आज न्हाई. आज एवढे लोक बगून राहिलेत. घेतले तर डोळ्याचे घेतले म्हणतील. ते काम मी केलंच न्हाई. मशीनवर आळ आला होता, तो काढला."

लेक परत आली आणि खुर्चीवर बसली. ते तिच्या शेजारी वाकून स्क्रीनकडं बघत होते. मग हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी तिला विचारलं, "माय, कडा साफ हायेत का? का पुसट दिसून राहिल्यात?"

"साफ आहेत काका. एकदम साफ."

"दिव्याच्या? का खांबाच्याबी?"

"सगळ्याच साफ आहेत."

ते सरळ उभे राहिले. फूटपट्टी जागेवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. लेक त्यांच्याकडं बघत होती. तिला माझ्याआधी कळलं.

"काका, तुम्हाला पुसट दिसतंय?"

"मोतीबिंदू हाय. वय झालं."

"कधीपासून?"

"झालं असंल वरीस."

मी म्हणालो, "मग ऑपरेशन करून घ्या की. अर्ध्या तासाचं काम आहे."

"तुम्हाला दोन हायेत साहेब," ते म्हणाले. "डॉक्टरचा हात हलला तर मागं ठेवायला माझ्याकडं दुसरा न्हाई. आता निदान हालचाल तरी दिसती. कडा न्हाई दिसत, पोरं सांगतात. चाललंय."

"नऊ दिवस अँटेना फिरवत बसलात," लेक म्हणाली, "आणि आता वर्षभर काय फिरवून राहिलात?"

मी तिला दटावणार होतो. सतरा वर्षांची पोरगी, साठीच्या माणसाला असं बोलते. पण ते खाली बसले होते आणि रंगवलेल्या काचेचा चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. दोन्ही काचा, काळीसुद्धा. "भ्या वाटतं माय," ते म्हणाले. मोठ्या माणसाच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी कचेरीतल्या तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

ती म्हणाली, "मलापण वाटलं होतं. पाठीत सुई घालताना मी आईचा हात चावला."

दिवाळी झाल्यावर ते तयार झाले. ऑपरेशन लातुरातच. मी, पत्नी आणि लेक बाहेरच्या बाकावर होतो. त्यांचं म्हणावं असं दुसरं कुणी आलं नाही. कुणी आहे का, हे विचारायला आम्ही धजलो नाही. दार उघडेपर्यंत चाळीस मिनिटं लागली. अर्ध्या तासाचं काम असं मीच म्हणालो होतो, आणि वरची दहा मिनिटं मी भिंतीवरचं घड्याळ बघत काढली. ऑपरेशन नीट झालं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी छताकडं बघितलं, मग खिडकीच्या गजांकडं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "साहेब, कॉलर विरली की तुमची." लेक इतकी हसली की नर्सनं तिला बाहेर काढलं.

त्या वर्षी तिचा मेडिकलला नंबर लागला नाही, आणि पुढच्या वर्षी तिनं परीक्षा दिली नाही. ती आता चष्म्याचं नव्हे, डोळ्यांच्या हालचाली तपासायचं शिकली आहे आणि नांदेडला एका दवाखान्यात तेच काम करते. पेशंट आला की आधी विचारते, नेमकं काय दिसतं ते सांगा. काका गेले त्याला चार वर्षं झाली. पत्र्याच्या खोलीच्या जागी क्लासचं पार्किंग आहे.

पैशाचं राहिलं. ऑपरेशनच्या सकाळी रुग्णालयाच्या खिडकीवर खर्च सांगितला: नऊ हजार दोनशे. मी पाकीट काढलं. त्यांनी माझा हात मागं सारला आणि पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. दहाच्या, वीसच्या, शंभराच्या नोटा. त्यांना तेव्हा नोटा नीट दिसत नव्हत्या, म्हणून लेकीनं मोजल्या आणि मी परत मोजल्या. नऊ हजार पन्नास भरले.

"दीडशे कमी आहेत," मी म्हणालो.

"कमी न्हाईत. तुमच्याकडं हायेत."

मी दीडशे रुपये खिडकीवरच्या बाईंना दिले. त्यांनी नऊ हजार दोनशेची एकच पावती फाडली, काकांच्या नावावर. माझ्या वहीत त्या दिवशीचे दीडशे मी "कॉम्प्युटर दुरुस्ती" या सदरात लिहिले आहेत. दवाखाना असं पुटपुटत लिहायला लागलो होतो. शेजारी बसून ते म्हणाले, "सदर चुकवू नका साहेब," आणि मी खोडून नीट लिहिलं.